सत्तेचाळीस नंबरचा डबा

न्याहारी करून दोघं खोलीत परतली, तर खिडकीतला पितळी डबा गायब. डबा वहिनींच्या चहापत्तीचा, आणि आत वहिनींचे यजमान. महिन्यापूर्वी वारलेले. सरकारी नोकरीत एकोणीस बदल्या सोसलेला तो बापडा जाताना एवढंच म्हणाला होता, "समुद्रापाशी ठेव. आणि आता कुठे हलवू नकोस." म्हणून राख समुद्रात सोडायला वहिनी धाकट्या दिराला घेऊन या दोनशे वर्षांच्या विश्रामगृहात उतरल्या होत्या. परतीची बस बाराची होती.

दीर धावत खाली गेला. इथल्या व्यवस्थापकाकडे चमच्यापासून कडीकोयंड्यापर्यंत प्रत्येक जुन्या वस्तूची यादी होती, आणि त्यातली एकच ओळ बारा वर्षं त्याचा जीव खात होती.

"सापडला!" दीर काही बोलायच्या आत व्यवस्थापकच ओरडला. "क्रमांक सत्तेचाळीस! पितळी डबा, झाकणासह. तुमच्याच खिडकीत होता हो!"

"अहो, त्यात माझा भाऊ आहे!"

"असं का? मागे एकजण भिंतीवरचं घड्याळ आजोबांचं म्हणून पिशवीत घालत होता."

"मग उघडून बघा ना!" दीर म्हणाला, आणि तिथेच घात झाला.

व्यवस्थापकाने झाकण काढलं. त्याचे डोळे भरून आले. "शाई टिपायची पूड! यादीत 'पुडीसह' असंच लिहिलंय. मला वाटलं होतं, पूड तरी कधीच उडून गेली असणार."

तेवढ्यात पुरातत्त्व खात्याचे तपासणी अधिकारी आले. वर्षातून एकदा येणारा माणूस नेमका आजच यायचा होता. त्यांनी चिमूटभर भाऊ बोटांत चोळला, हुंगला आणि म्हणाले, "अस्सल." दीर मटकन जिन्यावर बसला. डब्याला लाखेचं सील लागलं, तो काचेच्या कपाटात गेला, कुलूप बसलं आणि किल्ली खिशात घालून साहेब गेलेसुद्धा.

"वहिनी, पोलिसांत जाऊ या. दादाचे हाल बघवत नाहीत."

वहिनी सकाळपासून रडत होत्या. निदान निरोप तरी घ्यावा म्हणून त्या खाली कपाटापाशी गेल्या. कपाट बरोबर मोठ्या खिडकीसमोर होतं आणि खिडकीत समुद्राशिवाय काही नव्हतं. त्यांनी पदराने डोळे पुसले, चष्मा लावला आणि डब्याखालची चिठ्ठी वाचली. 'क्र. ४७. ऐतिहासिक ठेवा. कोणत्याही कारणास्तव हलवू नये.' खाली सही आणि शिक्का.

त्यांनी ती पुन्हा एकदा वाचली.

"भाऊजी, राहू द्या पोलीस," त्या म्हणाल्या. "समुद्रात सोडलं तर लाटा पुन्हा कुठे कुठे फिरवतील. एकोणीस हुकूम आले यांच्या नावाने, पण असा एकही नाही आला."

मग त्यांनी व्यवस्थापकाला हाक मारली आणि काचेवर धूळ बसलीय, तेवढी रोज पुसत जा, असं बजावलं.