मामबेत आकेंचा विक्रम

व्याही येणार म्हटलं की डोंगरातल्या कोचकोर गावात माणूस मेंढी निवडतो, अंगण झाडतो आणि शेजाऱ्याकडून चांगल्या रजया उसन्या आणतो. एसेनबेकने यातलं काहीच केलं नव्हतं. तो सकाळपासून बाजूच्या खोलीत बसून आपल्या कॉम्प्युटरला फुंकर घालत होता.

"अहो, पाहुण्यांची गाडी खिंड उतरली म्हणे," त्याची बायको झिबेक दारातून म्हणाली. "आणि तुम्ही त्या पेटीला काय फुंकताय? चूल आहे का ती?"

"तापतोय गं. चहाचा पेला संपायच्या आत बंद पडतो."

"मग पडू दे. आज काय अडलंय त्याच्यावाचून?"

काय अडलंय हे झिबेकला चांगलं ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिने विचारलं होतं. एसेनबेकचं नाव सगळ्या खोऱ्यात झालं होतं ते जुनी गेमची यंत्रं दुरुस्त करणारा म्हणून. त्याच्या लहानपणी घरोघरी टीव्हीला जोडलेली ती करडी पेटी असायची, आणि गेमची डबी फुंकून फुंकून पोरांचे गाल दुखायचे. ती पोरं आता पोट सुटलेले बाप झाली होती, आणि माळ्यावरची पेटी काढून एसेनबेककडे आणत होती. पण एसेनबेकची सगळी विद्या राहत होती त्या कॉम्प्युटरात. एक टकला रशियन उस्ताद व्हिडिओत सावकाश बोलत एकेक यंत्र उघडून दाखवायचा, आणि तो स्क्रू काढेल तसा एसेनबेक स्क्रू काढायचा. टकला थांबला की एसेनबेकही थांबायचा. ही गोष्ट घराबाहेर कुणाला माहीत नव्हती, आणि कुणाला कळलीच तर आपण तोंड कुठे लपवावं, याचा विचार करून एसेनबेकने जागाही ठरवून ठेवली होती. मेंढ्यांचा गोठा.

कॉम्प्युटर तापायला लागला हिवाळ्यापासून. एसेनबेकने पंखा बदलला, आतली उष्णता ओढणारी पेस्ट बदलली, सरकारी विजेला शिव्या दिल्या. कॉम्प्युटरवर मात्र होतं त्याच्या आईने, सोनुन आपाने, शिवलेलं कव्हर. बोटभर जाडीचा लोकरीचा नमदा, त्यावर लाल-काळी मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आणि पुढे पडद्यापुरती खिडकी. आपाच्या घरात उघडं काही राहत नसे. चहाची किटली, शिलाई मशीन, रेडिओ, सगळ्यांना अंगरखे होते. "उघडं ठेवलंत तर लोक म्हणतील, या घरात बाई माणूस आहे की नाही," असं ती म्हणायची. कव्हराचा संशय एसेनबेकला आला नव्हता असं नाही. पण म्हाताऱ्या आईने हिवाळाभर डोळे फोडून शिवलेली वस्तू काढून बाजूला ठेवायची म्हणजे केवढी लाजेची गोष्ट. त्यापेक्षा कॉम्प्युटर जळालेला परवडला.

पाहुणे आले. नवऱ्या मुलाचे वडील शार्शेन, आई बुरमा, आणि सगळ्यांच्या पुढे, दारातून तिरके होऊन आत शिरलेले, शार्शेनचे थोरले भाऊ मामबेत आके. घोड्यांचा व्यापार करून त्यांचा आवाजच असा झाला होता की घरातही ते टेकडीपलीकडच्या माणसाशी बोलल्यासारखे बोलत. दारासमोरच्या मानाच्या जागी ते बसले आणि सगळी खोली त्यांची झाली.

एसेनबेकची मुलगी बेगिमाय चहा ओतत होती. तिने आणि शार्शेनच्या मुलाने शहरात शिकताना एकमेकांना पसंत केलं होतं. आज बुरमाने तिच्या कानात कानातली घातली की सोयरीक पक्की. कानातली बुरमाच्या रुमालात होती, आणि बेगिमायचे कान सकाळपासूनच लाल झाले होते. आपल्या घरातलं सगळं मामबेत काकांच्या शब्दावर चालतं, हे मुलाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं.

मामबेत आकेंनी शालीत गुंडाळलेलं एक गाठोडं पुढे सरकवलं.

"हे काय, आके?"

"माझी अब्रू," मामबेत आके म्हणाले.

शालीतून करडी पेटी निघाली. तिच्यात मोटारींच्या शर्यतीच्या गेमची एक डबी अडकवलेली होती.

"या डबीत पहिल्या नंबरावर माझं नाव आहे. शाळेत असताना घातलंय. आजवर माईच्या लालाने हलवलं नाही. या शार्शेनने तर हयात घालवली, विचार त्याला."

शार्शेनने चहात पाहिलं.

"वसंतातल्या नवरोजपर्यंत पेटी चालू होती, रोज बघायचो नाव. आता दिवाच लागत नाही. लग्नात मोठ्या पडद्यावर लावायचंय. घराणं काय आहे ते कळू दे लोकांना. शार्शेन म्हणाला, आके, दुसरीकडे कुठेच नको, कोचकोरच्या आपल्या व्याह्यांनाच द्या."

"आत्ता करतो की," एसेनबेक म्हणाला. "चहा होईतो पेटी हातात."

झिबेकने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला आपले शब्द परत गिळावेसे वाटले. पण मामबेत आकेंनी मांडीवर थाप मारली होती.

"शाब्बास. आधी माझं नाव बघू, मग पोरीचे कान बघू. काय गं बुरमा?"

सगळे हसले. बेगिमाय हसली नाही.

बाजूच्या खोलीत टकला उस्ताद हजर झाला. पेटीचं काम तर सोपं निघालं. वीज जोडायच्या खोबणीचा टाका तुटला होता. एसेनबेकने तो जोडला, दिवा लागला, आणि एवढ्यात कॉम्प्युटर घरघरून बंद पडला. तो गार होईपर्यंत एसेनबेक पाहुण्यांत जाऊन बसला. परत येऊन कॉम्प्युटर चालू केला तेव्हा टकला गेमच्या डबीपाशी पोचला.

"डबीतली बॅटरी जुनी झाली की गळते," टकला म्हणाला. "गळली की आतलं सगळं खाते. म्हणून ती काढा आणि नवी बसवा. पण काढण्याआधी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा..."

पडदा काळा झाला.

"एसेनबेक," पलीकडून आवाज आला. "अरे मेंढीचं डोकं आलं, आणि यजमान कुठेय?"

यजमान गेला, मेंढीचं डोकं दोन्ही हातांनी मामबेत आकेंपुढे ठेवलं, त्यांनी कापून दिलेला कान चघळत बसला, आणि 'चहाचा समोवार बघून येतो' म्हणून पुन्हा उठला. कॉम्प्युटर चालू केला. "...एक गोष्ट नीट लक्षात ठेवा," टकला म्हणाला आणि पुन्हा विझला. तिसऱ्या खेपेला तर तो नुसता तोंड उघडून गेला.

"किती वेळा समोवार बघाल?" झिबेक कुजबुजली. "विहीणबाई विचारतायत, यांचं पोट बिघडलंय का."

"टकला एक गोष्ट सांगणार आहे गं. काय असेल?"

"मला विचारताय? मी त्याची बायको आहे का?"

एसेनबेकने डोकं चालवलं. बॅटरीबद्दल एकच गोष्ट असू शकते, उलटी बसवायची नाही. तेवढं तर शेंबड्या पोरालाही कळतं. त्याने पेन्सिलने खूण केली, जुनी बॅटरी काढली आणि नवी खुणेबरहुकूम बसवली. टकल्यावाचून आपण काहीतरी केलं याचा त्याला असा आनंद झाला की त्याने एकट्यानेच मिशीला पीळ दिला.

त्याच वेळी सोनुन आपा विहीणबाईंना नमदे दाखवायला खोलीत घेऊन आली. बुरमाने भिंतीवरचा नमदा पाहिला, मान डोलावली. शिलाई मशीनचा अंगरखा पाहिला, मान डोलावली. मग ती कॉम्प्युटरपाशी आली आणि तिचा हात नक्षीवरून फिरला.

"आपा, ही शिंगं काय काढलीयत. टाकाच दिसत नाही. माझ्या उभ्या आयुष्यात मी असं काम पाहिलं नाही हो."

हे मनापासूनचं होतं, आणि तिथेच घोटाळा झाला. पाहुण्याने, त्यातून विहिणीने, वस्तू वाखाणली की ती वस्तू आपली राहत नाही. आपाने दोन्ही हातांनी कव्हर उचललं, झटकलं आणि बुरमाच्या खांद्यावर टाकलं. "नाही नाही, आपा." "घे गं, तुझ्यासाठीच शिवलं होतं, मला माहीत नव्हतं एवढंच." आपाच्या डोळ्यांत पाणी आलं, बुरमाच्याही आलं, आणि एसेनबेकने सवयीने बटण दाबताच उघडा पडलेला कॉम्प्युटर एक लांब श्वास सोडून चालू झाला. घरघर नाही, वास नाही. हिवाळ्यापासून असा शांत चालला नव्हता तो.

"...एक गोष्ट नीट लक्षात ठेवा," टकला खणखणीत आवाजात म्हणाला. "बॅटरी काढली की डबीत साठवलेलं सगळं पुसलं जातं. कायमचं. कुणाचं नाव, कुणाचा विक्रम असेल, तर आधी मालकाला विचारा. नाहीतर लोक तोंडात शेण घालतील."

एसेनबेकच्या हातात ती जुनी बॅटरी होती. आपाला रशियन फारसं कळत नसे. बुरमा मात्र शहरात शाळेत शिकवत होती, तिला रशियन चांगलं येत होतं. तिने टकल्याकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, एसेनबेककडे पाहिलं, कव्हर छातीशी धरलं आणि निघून गेली.

"काय झालं?" झिबेक आत आली.

त्याने सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

"पोरीचे कान," ती म्हणाली. "तुमच्या बॅटरीपायी माझ्या पोरीचे कान मोकळे राहणार." मग उठत, "बॅटरी आधीच मेली होती म्हणून सांगा. कुणाला कळतंय?"

"विहीणबाईंना कळलंय."

एरवी एसेनबेकला खरं बोलायचं धाडस नव्हतं, हे मान्यच करायला हवं. खोटं बोलायची त्याची पूर्ण तयारी होती, फक्त साक्षीदार आड आला. त्याने पेटी उचलली आणि मोठ्या खोलीत गेला. त्याचे गाल, मान, हाताचे तळवे, सगळं तापलं होतं, आणि त्याच्यावर तर कव्हरही नव्हतं.

पेटी टीव्हीला जोडली. मोटारी चमकल्या, लहानपणीचा तो चिरका सूर लागला, आणि मामबेत आकेंचा चेहरा एकदम शाळकरी झाला. "यादी लाव, यादी," ते म्हणाले. ते पाहून एसेनबेकला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आके, यादी रिकामी आहे."

"म्हणजे?"

"तुमचं नाव माझ्या हातून पुसलं गेलं. बॅटरी काढायच्या आधी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. आणि मी उस्ताद वगैरे नाही. पडद्यावरचा एक टकला सांगतो, तसं मी करतो. तो सांगत होता, ते मी पूर्ण ऐकलं नाही. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. पोरीचा यात काही दोष नाही."

बेगिमायने किटली खाली ठेवली. मामबेत आके पडद्याकडे बघत होते. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत शून्यं होती. त्यांनी एवढ्या हळू आवाजात विचारलं की त्यांचा आवाज कुणाला ओळखूच आला नाही.

"मग आता पहिला कोण?"

"कोणीच नाही, आके."

"कोणीच कसं नाही? यादी म्हटली की पहिला लागतोच. दे इकडे."

त्यांनी गेमचा रिमोट हातात घेतला. त्यांच्या अंगठ्याखाली एकाच वेळी तीन बटणं दाबली जात होती. मोटार कुंपणात गेली, झाडात गेली, एकदा तर उलट्या दिशेने गेली. पण कशीबशी पोचली, आणि रिकाम्या यादीत पहिल्या नंबरावर मामबेत हे नाव उमटलं.

"हे बघा," आके म्हणाले, आणि टेकडीपलीकडचा आवाज परत आला. "आजही पहिलाच. बुरमा, बघत काय बसलीस, कानातली काढ."

बुरमाने रुमाल सोडला. बेगिमायच्या कानांत चांदी चढली, आपाने दोन्ही तळवे आकाशाकडे करून दुवा दिली, झिबेक रडली आणि एसेनबेकने त्या दिवशी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

या गडबडीत शार्शेनने हळूच गेमचा रिमोट उचलला. "सहज एक डाव," तो म्हणाला. त्याची मोटार वाऱ्यासारखी गेली. कुंपण नाही, झाड नाही. डाव संपला तेव्हा मामबेत हे नाव एक ओळ खाली सरकलं. आकेंनी तळलेल्या बोरसोकची परात पुढे ओढली आणि ती रिकामी होईपर्यंत त्यांचं खाणं थांबलं नाही.

निघताना सगळे गाडीत बसले. शार्शेन मागे राहिला. त्याने एसेनबेकचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"व्याही, तुमचे उपकार मी विसरणार नाही."

"लाजवू नका हो. केवढा घात झाला माझ्या हातून."

"घात कसला. शाळेपासून ऐकत आलोय मी. बारशाला ऐकलं, मयताला ऐकलं, माझ्या लग्नात तर बायकोआधी तो विक्रम मांडवात आला." त्याने गाडीकडे एक नजर टाकून आवाज आणखी खाली आणला. "पेटी बंद पडल्यावर मी नारिन शहरापासून इथपर्यंत चौकशी केली. ज्याच्याकडून वस्तू चालू होऊन येते, पण आतलं काही शिल्लक राहत नाही, असा कारागीर कोण? एकूण एक माणसाने तुमचंच नाव घेतलं."

एसेनबेक कसनुसा हसला. खोऱ्यातले सगळे पोट सुटलेले बाप, दुरुस्त पेटी घेऊन 'रहमत' म्हणून आभार मानत मान खाली घालून जाणारे, एकामागून एक त्याच्या डोळ्यांपुढून गेले. त्यांची मान आदराने खाली जाते असं तो आजवर समजत होता.

"आणखी एक काम होतं," शार्शेन म्हणाला. "आकेंकडे एक जुना टेप आहे. तरुणपणी त्यांनी स्वतः गायलेली गाणी आहेत त्यात. अडकत अडकत चालतो. पुढच्या खेपेला आणू का?"

गाडीतून मामबेत आकेंनी भोंगा वाजवला. एसेनबेकने अंगणाकडे पाहिलं, गोठ्याकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाला, "आणा."