बंद पाडायची कारणं

भोरच्या प्रयोगशाळेत रुजू झालो त्याच दिवशी मी काचेच्या नळ्यांसाठी पैसे मागितले. व्यवस्थापक दाजीबांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं आणि विचारलं, "मास्तर, तुमचा प्रयोग बंद का पाडावा, ते सांगा की."

मास्तरकी मी जन्मात केली नव्हती. पण चष्मा लावणारा माणूस दाजीबांच्या लेखी मास्तर!

"बंद? अहो, अजून सुरूच कुठं झालाय?" मी तडकलो. "माझ्या शाईत काहीही खोट नाही."

"मग पैसं न्हाईत. ज्याला सोताच्या कामातली खोट दिसत न्हाई, त्याला पैका दिला काय आन् नीरा नदीत टाकला काय, येकच."

दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कबूल केलं की हिरडा आणि हिराकस घालून केलेली माझी शाई महिन्याभरात कागदावर तांबूस पडते. दाजीबांची कळी अशी खुलली, की नळ्यांबरोबर नवा तराजूही मंजूर झाला.

प्रयोगशाळा कसली, हिरड्याची जुनी वखार ती. पुण्याच्या दोघा भागीदारांनी भांडवल घातलं होतं. मावळच्या रानातल्या मालातून विकण्याजोगं काही शोधून काढा, एवढीच त्यांची अट. मी शाईच्या मागे, आपटे रिठ्याच्या साबणामागे. कुणाला किती द्यायचं ते दाजीबा ठरवत. माणूस राजगडाखालच्या पालीचा, शिक्षण मराठी सातवीपर्यंत. पण त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसायची आम्हा पदवीधरांना धास्ती वाटे.

एकदा आपटे आपल्या साबणाविरुद्ध इतके मनापासून बोलले, की त्यांचं त्यांनाच पटलं. काम सोडून गावी निघाले. दाजीबांनी त्यांना चहा पाजला आणि दीडपट पैसे मंजूर केले. "ह्यो मानूस पैसा वाया घालवनार न्हाई," म्हणाले.

तिसरं काम खुद्द दाजीबांचं. सातविणीच्या सालीपासून हिवतापावर औषध. त्यांची बायको हिवतापानं गेली होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नसे. दर रविवारी ते पालीपर्यंत बाटल्या पोचवत आणि घरोघर ताप विचारत फिरत.

मग महायुद्ध पेटलं. रसायनं मिळेनात. पुण्याहून पत्र आलं: यंदा एकाच कामापुरते पैसे, बाकीची बंद करा.

आपट्यांनी आपण होऊन माघार घेतली. मी खुर्चीत बसून शाईच्या खोटी सांगितल्या. मग दाजीबा स्वतः उठून त्या खुर्चीत बसले. मला वाटलं, आता तरी हा माणूस स्वतःची बाजू मांडेल.

"सात वर्सं झाली," ते म्हणाले. "ताप उतरतो, पुन्यांदा येतो. लई कडू, पोरं थुकत्यात. जी बरी झाली ती औषधानं का आपसूक, म्या सांगू शकत न्हाई. आन् ज्याचं मानूस त्याच तापानं गेलंय, त्याच्या हातात हे काम नसावं. त्याला खोट दिसत न्हाई."

निकालही त्यांनीच दिला. सगळे पैसे शाईला.

मी जिंकलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दाजीबा, निम्मे तुमच्याकडं राहू द्या," मी म्हणालो.

"निम्म्यात दोन्ही मरत्याल. घ्या गुमान."

संध्याकाळी कुलूप लावायला गेलो तर ते वखारीच्या पायरीवर बसलेले. एरवी या वेळी साल उकळत असायची आणि तिचा कडवट वास गल्लीभर पसरायचा. आज चूल सारवून ठेवली होती.

"घरी नाही गेलात?"

"रोज सांच्याला हितं बसून साल उकळली, मास्तर. औषधापायी उकळतो, आसं म्हनायचो." ते समोर बघत बोलत होते. "घरी ती न्हाई. तिथं लवकर जाया लागू नये म्हून उकळत हुतो. हे आज कळलं बगा."

त्या माणसाशी मी दोन दिवस अबोला धरला होता, याची मला शरम वाटली. "चला," मी म्हणालो, "मी येतो बरोबर."

उठताना त्यांनी माझा हात धरला. भर बाजारातून, ओळखीच्या लोकांदेखत, धरून ठेवला. त्यांच्या घराच्या दाराची कडी काढायला मोकळा हात लागला, तेव्हा कुठं सोडला.