बापूंची वस्तीची गाडी

एसटीचा प्रवास फुकट व्हावा म्हणून वय वाढवून सांगणारे मी पुष्कळ पाहिलेत. वय चोरून तिकीट काढणारे मात्र आमचे शेजारी बापू एकटेच. पंच्याहत्तरी केव्हाच ओलांडली, डोक्यावर काळा केस औषधालाही नाही, पण कंडक्टरने आधारकार्ड मागितलं की म्हणणार, "अजून साठीचा पण नाय मी. फाड तिकीट." फुकट्याला डेपोत माणसात धरत नाहीत, असं त्यांचं ठाम मत.

आमचं गाव रोह्यापासून बरंच आत, रस्ता संपतो तिथे. बायकोला दमा. ठाण्याची हवा सोसेना, म्हणून निवृत्तीनंतर इथे आलो. हवा झकास, भाजी परसातली, पाणी विहिरीचं. फक्त डॉक्टर आणि औषधाचं दुकान तेवढं रोह्याला. तिकडे जाणारी गाडी एकच. ती संध्याकाळी येते, ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपतात आणि सकाळी ती परत निघते. तिला म्हणायचं वस्तीची गाडी.

माणसं मिळत नाहीत म्हणून ती बंद होणार अशी कुणकुण लागली आणि बापूंच्या जिवाला घोर लागला. तेव्हापासून ते रोज सकाळी काही काम नसताना रोह्याला जातात, दिवसभर स्टँडवर बसतात आणि त्याच गाडीने परत येतात. नागोठण्याला कंपनीत शिफ्टला जाणाऱ्या पोरांनी बाइक घेतल्या, तर त्यांचे पेढे बापूंनी दारातूनच परत पाठवले. एका लग्नात टेम्पो ठरला होता. बापूंनी निम्मं वऱ्हाड दमदाटी करून एसटीत कोंबलं. नवरी टेम्पोतून वेळेवर पोचली, पण तिचा मामा एसटीत. सगळा मांडव अक्षता हातात घेऊन मामाची वाट बघत उभा.

माझी स्कूटर तर त्यांच्या डोळ्यांत सलायचीच. परवा सकाळी औषधं आणायला निघालो, तर हे आडवे उभे. "ठेव ती घरात. एसटीला माणूस कमी पडतो."

मी वैतागलो. म्हटलं, बापू, ती गाडी बंद पडली तर तुमचं अडणार काय आहे?

ते आमच्या पायरीवर टेकले आणि सांगू लागले. एका पावसाळ्यात त्यांच्या बायकोला साप चावला. गावात ना रिक्षा, ना जीप. त्यांनी देवळात झोपलेल्या ड्रायव्हरला हलवून उठवलं. त्याने एका शब्दाने काही न विचारता रिकामी गाडी काढली आणि थेट रोह्याच्या दवाखान्यात नेली. काकू वाचल्या, पुढे बरीच वर्षं जगल्या. अलीकडेच गेल्या.

"मग आता कोणासाठी ही धडपड?" मी विचारलं.

आतून बायकोचा खोकला ऐकू येत होता. बापूंनी दाराकडे पाहिलं.

"माजी गेली रे. तुजी हाय ना," ते म्हणाले. "पावसात धाप लागली, तर स्कूटरवर तुला धरून बसल का ती?"

ज्या माणसाच्या नकला करून मी घरात सगळ्यांना हसवत होतो, तो माझ्या बायकोसाठी स्टँडच्या बाकड्यावर दिवस काढत होता.

मी स्कूटर पडवीत लावून पिशवी घेतली. तोवर बापू धापा टाकत गाडीपाशी पोचले होते आणि कंडक्टरला बेल मारू देत नव्हते.