शिंगरे भाऊजींची तपासणी

आमच्या शिंगरे भाऊजींना तुम्ही चहा दिलात, तर ते आधी थँक्यू म्हणतील आणि मग खिशातून थर्मामीटर काढतील. तापाचा नव्हे हो, दुधाचा, लांब स्टीलच्या दांडीचा. तो कपात बुडवायचा, आकडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखायचा आणि जाहीर करायचं, "अडुसष्ट. थांबू." आता पाहुणाच थांबल्यावर आपण कसा प्यायचा? सौदीतल्या अल खर्जमधल्या बारा वर्षांत मी या माणसासमोर एकदाही गरम चहा प्यायले नाही.

भाऊजी तिथल्या एका डेअरीत क्वालिटी कंट्रोलला होते, अजूनही आहेत. त्यांचं ब्रीद एकच, "सही नंतर, तपासणी आधी." डेअरीत ठीक आहे, पण हे घरभाड्याच्या करारालाही तेच आणि कुरिअरच्या पावतीलाही तेच. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, हातात पडला तेव्हा त्यावरचा आपलाच फोटो त्यांनी पाच मिनिटं निरखला आणि म्हणाले, "हा इसम माझ्यापेक्षा बरा दिसतो. एकदा खात्री करा." कफीलचा, म्हणजे तिथल्या मालकाचा, माणूस "खलास, यल्ला, यल्ला" अशी घाई करून थकला बिचारा.

नात्याने ते माझे कोणी नव्हेत. त्यांची बायको फिलोमिना आणि मी एकाच हॉस्पिटलात नर्स. दोघी वसईच्या, दोघी कॅथलिक. मला ती मोठ्या बहिणीसारखी, म्हणून हे भाऊजी. ते कराडकडचे, घरी खंडोबा. सुट्टीत वसईला गेले की फिलो मिस्साला चर्चमध्ये जायची आणि भाऊजी बाहेर चिंचेखाली स्कूटरवर बसून राहायचे. आत या म्हटलं की म्हणत, "सदस्य नाही मी."

मग फिलो आजारी पडली आणि तीन आठवड्यांत गेली. त्याबद्दल मला अजूनही नीट बोलता येत नाही, तर ते राहू द्या.

सहा महिन्यांनी एका शुक्रवारी दुपारी भाऊजी आमच्याकडे आले. चहात थर्मामीटर बुडवला आणि त्याच सुरात म्हणाले, "कार्मेलीन, मला कॅथलिक व्हायचंय. प्रोसिजर काय?"

माझ्या हातातली बशीच सटकली. सोफ्यावर डुलक्या घेणारे आमचे हे खडबडून जागे झाले.

मी सांगितलं, भाऊजी, हे फॉर्म भरून होत नाही. मोठ्या माणसाला साधारण वर्षभर शिकावं लागतं. प्रार्थना, दहा आज्ञा, साक्रामेंतं म्हणजे आपले संस्कार. सोबत साक्षीला उभं राहायला एक गॉडफादर नाहीतर गॉडमदर लागते. मग उपवासकाळाआधी फादर भेटून पाहतात आणि ईस्टरला बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद, तिन्ही एकदम. इथे तर चर्चही नाही. आपण घरात दार लावून प्रार्थना करणारी माणसं. त्यासाठी बहारीनला जावं लागेल.

"म्हणजे विरजण लावायचं आणि हलवायचं नाही," भाऊजी म्हणाले. "चालेल. गॉडमदर तू."

बहारीनच्या फादरांनी फोनवर परवानगी दिली, पुस्तकं पाठवली आणि दर शुक्रवारी आमच्याकडे वर्ग सुरू झाला. त्या दिवसापासून मी कार्मेलीनची 'बाई' झाले. पहिल्याच दिवशी बाईंचीच तपासणी! गॉडमदरचं दृढीकरण झालेलं असावं लागतं, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. मला वसईहून दाखला मागवायला लावला. तो आला, उजेडात धरून पाहिला, मग फाईलला लावला.

आणि प्रश्न तरी किती! "नरकाचं तापमान कुठे दिलंय?" "पाच भाकरी आणि दोन मासे पाच हजारांना पुरले. उरलेल्या बारा टोपल्यांची तारीख कोणी तपासली?" मी हसून हसून बेजार व्हायचे आणि मग वैतागायचे. पण एक खरं, अभ्यास पक्का. आज्ञा पान नंबरासह पाठ. बाप्तिस्म्याचं नाव कुठलं घेणार विचारलं, तर क्षणात म्हणाले, "थॉमस. येशूच्या जखमेला बोट लावून पाहिल्याशिवाय सही न करणारा तो एकटाच."

गाडी अडली ती प्रार्थनांवर. फादरांची भेट महिन्यावर आली होती. मी म्हटलं, "म्हणा, नमो मरिया." भाऊजी गप्प. म्हटलं, विसरले असतील, म्हणून पहिल्या ओळी मीच म्हणून दिल्या. त्या संपायच्या आत भाऊजी घडाघडा सुरू झाले, "पवित्र मरिये, देवाच्या माते..." थेट आमेनपर्यंत! 'आमच्या बापा'चीही तीच गत. 'आमची रोजची भाकर'पासून पुढे चोख, त्याआधीचं एक अक्षर नाही.

"अहो, निम्मीच प्रार्थना? पहिला अर्धा कुठे गेला?"

"तेवढं सोडून काहीही विचारा, बाई."

तीन शुक्रवार हेच. ज्या माणसाला पान नंबर पाठ, त्याला चार ओळी येईनात? शेवटी माझं डोकं फिरलं. म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला खरंच व्हायचंय का? की फिलोची आठवण म्हणून चाललंय हे सगळं? असं असेल तर फादरांचा वेळ घालवू नका. मी गॉडमदर म्हणून उभी राहणार नाही."

भाऊजी शांतपणे उठले. दारात म्हणाले, "पंचवीस वर्षं मी उत्तर देतोय, बाई. कुणाला देतोय, ते आता पाहायचंय." आणि गेले. फाईल तशीच राहिली.

मला रात्रभर चैन पडेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघं ती फाईल घेऊन त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं. आत दोन खुर्च्या समोरासमोर. एकीवर भाऊजी, हातात फिलोची जपमाळ, डोळे मिटलेले. समोरच्या खुर्चीवर तिची निळी शाल. भाऊजी गप्प बसले होते. मग एकदम, "पवित्र मरिये, देवाच्या माते..." आमेन. मणी सरकला. पुन्हा गप्प. पुन्हा तेच.

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्यात जपमाळ दोघांत म्हणतात. एकाने पहिला अर्धा म्हणायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. अल खर्जमध्ये फिलोला उत्तर द्यायला दुसरं होतं कोण? हा बाहेरचा माणूस, 'सदस्य नाही मी' म्हणणारा, रोज संध्याकाळी तिच्यासमोर बसून पंचवीस वर्षं उत्तर देत होता. आणि ती गेल्यावरही, तिचा अर्धा होईल एवढा वेळ थांबत होता.

त्यांनी डोळे उघडले. "बाई, तो भाग तिचा आहे," ते म्हणाले. "मी म्हणायला लागलो, तर ती बसेल कुठे?"

मी तिथेच उंबऱ्यात बसून रडले. माफी मागितली. म्हटलं, मी उभी राहीन भाऊजी, फादर काय म्हणतील ते म्हणोत.

पुढच्या आठवड्यात समुद्रावरचा कॉजवे ओलांडून आम्ही तिघं बहारीनला गेलो. फादर केरळचे, हसरे. म्हणाले, तुमच्या भाषेत नमो मरिया म्हणा. भाऊजी गप्प. पहिला अर्धा मीच म्हणून द्यावा म्हणून तोंड उघडलं, तर भाऊजींनी हात वर केला. "थांबा, बाई."

आणि त्यांनी सुरुवात केली. पहिल्या शब्दापासून. सूर फिलोचा, 'कृपापूर्ण'वर घ्यायची ती छोटीशी उसंतसुद्धा तिचीच. अर्ध्यावर येऊन ते थांबले आणि माझ्याकडे पाहिलं. फादरही पाहू लागले. तेव्हा कुठे मला कळलं, की उत्तर आता मी द्यायचं आहे. कसंबसं दिलं.

ईस्टरला त्यांच्या डोक्यावर तीनदा पाणी ओतलं. तापमान विचारलं नाही त्यांनी.

आता मी रिटायर होऊन वसईला आलेय. संध्याकाळी साडेसातला, म्हणजे तिकडे पाचला, अल खर्जहून फोन येतो. हॅलो नाही, कशी आहेस नाही. सरळ पहिला अर्धा. कधी मी भाजी टाकत असते, कधी दारात कोणी आलेलं असतं, उत्तर द्यायला उशीर होतो. पण फोन ठेवत नाहीत भाऊजी. तिकडे गप्प थांबून असतात. थांबायची त्यांना सवय आहे.