विसू कंपाउंडरचा पेशंट

आमच्या आळीत लोक फ्रिजात मेलेली मासळी ठेवतात. विसू कंपाउंडरच्या फ्रिजात पंधरा दिवस जिवंत जनावर होतं, भोकं पाडलेल्या झाकणाच्या डब्यात, दह्याच्या शेजारी.

त्याला अ‍ॅक्सोलॉटल म्हणतात. मी चौथीत शाळा सोडली, पण चाळीस वर्षं बोटीवर काढली. पाण्यातलं मला कोणी शिकवू नये. पालीसारखे चार पाय, गळ्याला दोन्हीकडे लाल झालरी आणि तोंड कायम हसरं, बहुतेक विसूकडे बघूनच. विसूच्या मुंबईच्या पुतण्याने बदली झाली म्हणून इथे आणून टाकलेलं.

विसू तीस वर्षं एका डॉक्टरांकडे पुड्या बांधत होता. दवाखाना बंद झाला, कंपाउंडर काही बंद झाला नाही. झालरीवर कापसासारखी बुरशी दिसली आणि गडी एकदम तरुण झाला.

"तात्या, केस सिरियस आहे, पण हाताबाहेर नाही," मला म्हणाला. शेजारणीच्या करपलेल्या आमटीलाही तो हेच सांगतो.

मुंबईच्या कुठल्याशा जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याने फोनवर उपाय लिहून घेतला. रोज दहा मिनिटं मिठाच्या पाण्यात आंघोळ, मग ताजं थंड पाणी, मग फ्रिज, गारठ्यात बुरशी वाढत नाही म्हणून. मीठ दवाखान्यातल्या जुन्या तराजूत तोलायचा.

"तोलतोस कसलं? भाट्याच्या किनाऱ्याहून हंडाभर समुद्र आणून देतो," मी म्हटलं.

"मरेल तो त्यात. आणि नळाच्या पाण्यात पावडर असते. तुमच्या विहिरीचं द्या."

दिलं. कळशी रोज मीच पोचवली, कारण विसूने पोहरा ओढला की निम्मं पाणी परत विहिरीत.

एका दुपारी वीज गेली. मी बंदरावरून बर्फ आणला, तर म्हणतो, "मासळीचा बर्फ पाण्यात नको. बाहेरून लावा." जन्मभर मेलेल्या बांगड्यांवर बर्फ मारला, त्या दिवशी दोन तास एक डबा बर्फाने शेकत बसलो.

येता-जाता बायका दारातून विचारायच्या, "कंपाउंडर, कसा आहे पेशंट?"

"कालपेक्षा आराम आहे," विसू चष्मा वर सारून सांगायचा. आवाज मोठ्या डॉक्टरांचा.

पंधराव्या दिवशी बुरशी गेली. पेशंटने अख्खं गांडूळ खाल्लं आणि आपल्या काचेच्या टाकीत गेला. त्यानंतर दारात कोणी थांबेना. बऱ्या झालेल्याची चौकशी कोण करतो?

परवा संध्याकाळी विसू माझ्या पायरीवर येऊन बसला.

"पाणी हवंय?"

"नको. बरा आहे तो."

मग पायरीकडे बघत म्हणाला, "तात्या, तुम्हाला काही होतंबितं का?"

मी उभ्या जन्मात गोळी घेतलेली नाही. अजून विहिरीचे वीस पोहरे एका दमात ओढतो.

"गुडघा धरलाय," मी म्हटलं.

"कुठला?"

मला चटकन ठरवता येईना. डावा पुढे केला. विसू खाली उकिडवा बसला, दोन बोटांनी वाटी हळूहळू दाबत राहिला.

"उद्या सकाळी परत बघायला येतो."

"ये," मी म्हटलं.