गुलाबरावांचे खिसे

ज्या माणसाच्या एकाही सदऱ्याला खिसा नाही, त्याला मी सरकारी अर्जात 'कुटुंबाचा पोशिंदा' ठरवलं. चूक माझीच. वर्ध्याच्या कचेरीत कारकून असल्यामुळे सेलूतले इंग्रजी अर्ज माझ्याकडे येत, आणि नवऱ्यापुढे 'पोशिंदा', बायकोपुढे 'अवलंबून' हे माझा हात मला न विचारताच लिहून मोकळा होई.

आमचे शेजारी गुलाबराव सदरा शिवायला टाकताना शिंप्याला बजावत, "खिसा नाई लावाचा. खिसा असला का मानूस त्यात हात घालून उभा राह्यते." खिशाचं कापड मात्र न चुकता परत मागून आणत. मी तो चिक्कूपणा समजत होतो. घरात पगार यायचा तो त्यांच्या पत्नीचा. शांताबाई मुलींच्या शाळेत हेडमास्तरीण. शेतही त्यांच्याच नावावर, आईकडून आलेलं. गुलाबराव स्वयंपाक करत, मधल्या सुट्टीत शाळेत गरम भाकर पोचवत, आणि पानवाल्यापासून पाटलापर्यंत कोणीही काही मागितलं की म्हणत, "बाईले विचारा."

त्यांची मुलगी कुसुम नवऱ्याच्या नोकरीपायी कोलंबोत. पहिलं बाळंतपण, माहेरी आणावी, तर डॉक्टरनं प्रवासाला मनाई केलेली. म्हणून दोघांनीच तिकडे जायचं ठरलं आणि व्हिसाचं काम माझ्या गळ्यात पडलं.

उत्तर आलं : पतीच्या उत्पन्नाचा पुरावा पाठवा. मी घाईनं कळवलं की पतीच पत्नीवर अवलंबून आहे. विचारणा आली : पती आजारी आहे काय? मी लिहिलं, प्रकृती ठणठणीत. मग ठणठणीत आहे तर अवलंबून का? आता कोण कोणाला पोसतं, हे मलाही कळेना. पीठ आणणारी पोशिंदी, की भाकर थापणारा?

इकडे कुसुमचे दिवस भरत आले. मी तोडगा काढला : शेत तेवढं गुलाबरावांच्या नावावर चढवू. शांताबाई लगेच चपला घालून पटवाऱ्याकडे निघाल्या.

"बस वं बाई," गुलाबराव म्हणाले. "तुह्या मायनं ते शेत तुले देल्लं. त्याच्यावर माहं नाव नाई चढत."

"अवो, चार दिसाचा तं सवाल आहे! नातू पाहाचा नाई का तुमाले?"

"तू जाय. पोरीले माय पाह्यजे. अन् मले तं बोट लागते."

बोट लागते म्हणणाऱ्या या गृहस्थानं गावच्या बोर नदीपलीकडे पाणी पाहिलेलं नव्हतं.

एकट्या शांताबाईंचा अर्ज मुकाट्यानं मंजूर झाला. वर्धा स्टेशनावर मद्रासच्या गाडीत त्या बसल्यावर गुलाबरावांनी काखेतलं गाठोडं खिडकीतून आत दिलं. बाळाचं दुपटं होतं; पांढरे, निळे, रेघारेघांचे तुकडे जोडलेलं. टाके वेडेवाकडे, म्हणजे त्यांचेच.

"हे कशाचं?" शांताबाईंनी तुकडे चाचपत विचारलं.

"माहे खिसे व्हय. याइले व्हिसा नाई लागत."

गाडी गेली. आम्ही दोघं सेलूला परतलो. घरी येऊन मी बायकोला सारं सांगितलं आणि म्हणालो, "विचारतो त्यांना, जेवायला येता का."

ती ताट वाढतच होती.

"विचारू नका. हे ताटच घेऊन जा. भाऊजी एकट्यासाठी चूल पेटवणार नाईत. अन् तुमी विचारलं, तं ते सवयीनं 'बाईले विचारा' म्हनतील. मंग काय बोलाल तुमी?"