वनराणीच्या केसांचं माप

कोणतीही गोष्ट मोजल्याशिवाय खरी होत नाही. चौतीस वर्षं मी शाळेत भूमिती शिकवली आणि हे पहिल्याच तासाला फळ्यावर लिहिलं. टेबल मोजा, मैदान मोजा, सावली मोजा. मुलांनी एकमेकांची नाकंही मोजली. त्यातून कुणाचं नुकसान झालं नाही.

आता मी अमेरिकेत, मुलाकडे वेस्ट विंडसरला असतो आणि रविवारी सकाळी मंडळाच्या मराठी वर्गात शिकवतो. मुलं चौदा, पैकी जागी नऊ. मुलं मला आजोबा म्हणतात, त्यांचे आईवडील सर म्हणतात. मंडळ अत्यंत शिस्तीचं आहे. एवढ्या शिस्तीचं, की मागच्या वर्षी पिकनिकचा ठराव मंजूर होईपर्यंत बर्फ पडला आणि पिकनिक बेसमेंटमध्ये झाली.

दर दिवाळीला मंडळ मुलांचं एक संगीत नाटक करतं. नाटक पंधरा वर्षं तेच आहे. जंगल सुकतं, वनराणी येते, चार कडव्यांचं गाणं म्हणते आणि जंगल हिरवं होतं. (हिरवा कागद माझ्याकडे असतो.) वनराणीच्या पात्राविषयी संहितेत एकच अट आहे: ‘केस लांब असावेत.’ पंधरा वर्षं या अटीचा कुणालाही त्रास झाला नाही, कारण ती कुणीही वाचली नव्हती.

यंदा वनराणीसाठी दोन मुली पुढे आल्या. एक अनन्या, वय दहा, शेपटा कमरेपर्यंत. दुसरी नाया, वय नऊ. नायाची आई सुजाता नागपूरची, इथे एका प्रयोगशाळेत संशोधन करते. वडील टेरेन्स इथल्याच, जवळच्या ट्रेंटनचे, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतात. ते काळे अमेरिकन आहेत आणि नायाने केस वडिलांकडून घेतले आहेत. दाट, बारीक कुरळे, चहूबाजूंनी उभे. ऊन मागून आलं की डोक्याभोवती दिवा लावल्यासारखं दिसतं. दोघींच्या गाण्याची चाचणी मीच घेतली. गुण वहीत आहेत, त्यांच्याकडे पुढे येऊ.

चाचणीनंतर सांस्कृतिक समितीच्या अध्यक्ष अहिल्याकाकूंनी संहिता उघडली आणि ती अट वाचली.

“आम्हाला काही प्रॉब्लेम नाहीये हं सुजाता,” त्या म्हणाल्या. “नाया आपलीच आहे. पण रूल इज रूल. केस लांब हवेत.”

“लांब आहेत की,” सुजाता म्हणाली.

सगळ्यांनी नायाच्या डोक्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे पाहिलं. मग सगळ्यांना एकदम सहानुभूती वाटू लागली. सभेत असं झालं, की उपसमिती नेमावी लागते.

केश-लांबी उपसमितीत तीन सदस्य होते. अहिल्याकाकू, अध्यक्ष म्हणून. परीक्षित, कारण तो एका औषध कंपनीत डेटा पाहतो आणि त्याला एक्सेल येतं. आणि मी, कारण मोजपट्टी माझी होती. अनन्याची आई भावना ही निमंत्रित सदस्य होती, म्हणजे ती बोलावल्याशिवाय येत असे. नाटकाला सात आठवडे होते.

पहिल्या बैठकीत भावनाने अतिशय समंजस सूचना केली. “तिच्यासाठी वेगळं माप ठेवू या ना. आपल्या मुलींसाठी कमरेपर्यंत म्हणजे लांब, आणि तिच्या... म्हणजे तसे केस असतात त्यांच्यासाठी जरा कमी. अन्याय नको.”

ही उदारता सर्वांना आवडली. प्रश्न एवढाच उरला, की जरा कमी म्हणजे किती. परीक्षितने इंटरनेटवर शोधलं, की काळ्या स्त्रियांच्या बाबतीत किती लांबीला लांब केस म्हणतात. त्याने एक्केचाळीस पानं वाचली आणि त्याला त्रेचाळीस उत्तरं मिळाली. (दोन पानांनी मध्येच मत बदललं होतं.) त्याने त्यांची सरासरी काढली. सरासरी डाव्या खांद्याच्या किंचित वर आली. उजव्या खांद्याबाबत माहिती अपुरी होती.

“काका, डेटा क्लीन नाहीये यार,” तो मला म्हणाला. यार हे कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

मग प्रत्यक्ष मोजणी ठरली. त्याआधीच मंडळातल्या अकरा सभासदांनी नायाच्या केसांची प्राथमिक पाहणी केली होती. ही पाहणी जाता-येता, सहज आणि हाताने होत असे. कुणी दाबून पाहिले. कुणी बोट घालून सोडलं. एका काकांनी तर ढोकळा फुगला का पाहतात तसं पाहिलं आणि “वा,” म्हणाले.

“काकू, आस्क फर्स्ट,” नाया अहिल्याकाकूंना म्हणाली.

“अगं, आपल्याच घरातली ना तू! आपल्या माणसांना काय विचारायचं?”

“मग मी तुमच्या केसांना हात लावू?”

“नको गं, आत्ताच सेट करून आलेय.”

त्या महिन्यात मी वर्गात अर्जलेखन शिकवत होतो. गृहपाठ होता: कोणत्याही विषयावर अर्जाचा नमुना तयार करा. बाकी मुलांनी सुट्टीचे अर्ज लिहिले. नायाने खालील नमुना केला आणि त्याच्या तीस प्रती काढून मंडळाच्या टेबलावर, चहाच्या शेजारी ठेवल्या:

‘प्रति, मा. नाया यांस. विषय: केसांना हात लावण्याची परवानगी मिळणेबाबत. महोदया, मी आपल्या केसांना ...... मिनिटे हात लावू इच्छितो/इच्छिते. कारण ........ माझे हात धुतलेले आहेत/नाहीत. आपला/आपली नम्र.’

नमुना निर्दोष होता. मी दहापैकी दहा दिले. पहिल्या रविवारी सात अर्ज आले, कारण आमच्या मंडळात छापील कागद दिसला की माणसं तो भरतात. नायाने सातही नामंजूर केले. चार कारण अपुरं म्हणून, दोन ‘शुद्धलेखन सुधारा’ म्हणून आणि एक काहीही न लिहिता, फक्त तांबड्या पेन्सिलीने.

मोजणीचा अर्ज मात्र तिने मंजूर केला, कारण मी हात धुतल्याचं सिद्ध केलं.

मोजणी तीन टप्प्यांत झाली. कोरडे केस: चार इंच. पण हे चार इंच खाली नव्हते, बाहेर होते. संहितेत दिशा दिलेली नव्हती. ओले केस: आठ इंच. शेवटी नायाने स्वतः एक बट धरून सरळ ताणली: चौदा इंच, पाठीच्या मधोमध. सोडल्यावर ती बट उडी मारून पुन्हा जागेवर बसली आणि परीक्षित दचकून मागे सरला. अहवालात आम्ही लिहिलं: ‘सदर केस एकाच दुपारी आखूड, मध्यम व लांब आढळले. सबब पुढील चौकशी आवश्यक.’

मला राहवलं नाही. मी म्हटलं, केस उभे असतील तर लांबी कशाला, घनफळ काढू. गोल धरला, डोकं, चेहरा आणि मान वजा केली, तर नायाचे केस सुमारे हजार घन इंच भरतात. अनन्याचा शेपटा दंडगोल धरला, तर सतरा. म्हणजे जवळजवळ एकोणसाठ पट. मुलांना हे गणित इतकं आवडलं, की त्या दिवशी चौदाच्या चौदा जागी होती. भावनाला ते आवडलं नाही. “सर, घनफळ सिलॅबसच्या बाहेर आहे,” ती म्हणाली. ठराव मतास टाकला आणि पडला.

अनन्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. तिने तरीही दिलं. “आय डोन्ट इव्हन वॉन्ट टु सिंग. मला झाड व्हायचंय.” नोंद झाली नाही, कारण ती निमंत्रित नव्हती.

यात चार आठवडे गेले. पाचव्या आठवड्यात नायाने मला वर्ग सुटल्यावर विचारलं, “आजोबा, मी गाणं रोज म्हणते. जर केस शॉर्ट निघाले तर गाणं परत द्यावं लागेल का?”

मी म्हटलं, गाणं परत घेण्याची तरतूद नाही. घरी जाऊन संहिता पुन्हा पाहिली. खरंच नव्हती.

सहाव्या आठवड्यात तज्ज्ञ म्हणून नायाच्या आजींना बोलावलं. टेरेन्सच्या आई, लॉरेटा आजी, ट्रेंटनमध्ये एक्केचाळीस वर्षं केसांचं दुकान चालवतात. नायाचे केस दर शनिवारी त्याच करतात. त्या स्वतःची खुर्ची घेऊन आल्या. आमच्या खुर्च्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं होतं.

अहिल्याकाकूंनी प्रश्न वाचला. सुजाताने दोन्ही बाजूंचं भाषांतर केलं, जरी दोन्ही बाजू इंग्रजीतच बोलत होत्या.

“तुमच्या बायकांच्या बाबतीत किती लांबीला लांब केस म्हणतात?”

लॉरेटा आजींनी चष्मा काढून पुसला. “कोण विचारतंय?”

“समिती.”

“हा प्रश्न मला आजवर फार जणांनी विचारला. शाळेने विचारला, बँकेत नोकरीला लागताना साहेबाने विचारला. लग्नाच्या वेळी सासूने विचारला, ती तर माझ्याच रंगाची होती. दर वेळी आकडा वेगळा असतो. माझ्या दुकानात खांद्याला पोचलेली बाई आरशासमोरून हलत नाही. कमरेला पोचलेली म्हणते, अजून थोडे.”

परीक्षितने लिहिलं: ‘आकडा प्रश्नकर्त्यावर अवलंबून.’

“पण लांबच हवे असतील तर सोपं आहे,” आजी पुढे म्हणाल्या. “वरून केस घालून वेण्या घालते. कंबर? गुडघा? शनिवारी सकाळी दहाला पाठवा. संध्याकाळपर्यंत जमिनीला लावून देते.”

“छे छे,” भावना म्हणाली. “खोटे केस नाही चालणार. नॅचरल हवेत.”

ठराव क्रमांक सहा, ‘केस नैसर्गिक असावेत’, एकमताने मंजूर झाला. मग अहिल्याकाकूंना आठवण झाली, की तज्ज्ञांना आपली वनराणी कशी दिसते ते दाखवावं. त्यांनी मंडळाची पोशाखाची ट्रंक उघडली. हिरवं नऊवारी लुगडं काढलं, मुकुट काढला आणि तळातून, कापूर घातलेल्या पिशवीतून, तीन फुटी गंगावन काढलं. मंडळाच्या पहिल्या अध्यक्षांनी पुण्याहून आणलेलं. पंधरा वर्षांतल्या पंधराही वनराण्यांनी हेच लावलं होतं. त्यातल्या एकीचा तर बॉयकट होता. ती अहिल्याकाकूंची मुलगी.

लॉरेटा आजींनी गंगावन हातात घेतलं, उलटून पाहिलं, टोकं बोटांवर घासली. धंद्यातल्या माणसाच्या नजरेने.

“चांगला माल आहे,” त्या म्हणाल्या. “कुणाचे केस?”

“ते खोटे नाहीत,” अहिल्याकाकू म्हणाल्या. “ते आपले आहेत.”

परीक्षितने ठराव क्रमांक सहाखाली कंसात लिहिलं: ‘परंपरा वगळून.’ गंगावन नायाला लावून पाहिलं. तीन पिना तुटल्या आणि चौथी सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही.

सातव्या आठवड्यात उपसमितीने तोडगा काढला आणि मला त्याचा अभिमान आहे. वनराणीने संपूर्ण नाटकभर डोक्यावरून पदर घ्यावा. म्हणजे केस दिसणार नाहीत, म्हणजे ते लांब नाहीत असं कुणाला म्हणता येणार नाही. जी गोष्ट दिसत नाही तिची लांबी हवी तेवढी धरता येते. भूमितीत आम्ही याला गृहीतक म्हणतो.

“मग आता,” याही बैठकीला आलेल्या लॉरेटा आजींनी आपल्या खुर्चीची घडी घालता घालता विचारलं, “दोघींमधली गाते कोण चांगली?”

परीक्षित म्हणाला, हा मुद्दा विषयपत्रिकेवर नाही. मी पिशवीतून गुणांची वही काढली. सात आठवडे ती माझ्याच पिशवीत होती, मोजपट्टीच्या खाली. अहिल्याकाकूंनी पान पाहिलं. भावनाने पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. नायाला वनराणी करण्यात आलं, अनन्याला झाड. इतिवृत्तात कारण ‘पदर’ असं नोंदवलं आहे.

दिवाळीला नाटक झालं. पदर पहिल्या कडव्यातच घसरला, कारण त्या केसांवर तो बसेना. लॉरेटा आजी दुसऱ्या रांगेतून “राहू दे,” असं म्हणाल्या असाव्यात, कारण नायाने तो परत घेतला नाही. चारही कडवी झाली. जंगल हिरवं झालं. (कागद मला जरा उशिरा हलवायचा सुचला. मी ऐकत होतो.) झाड रडलं, आणि ते संहितेत नव्हतं.

प्रेक्षकांकडून दोनशे बारा अभिप्राय आले. एकशे अठ्ठ्याण्णव जणांनी केस खरे आहेत का असं विचारलं. तेरा जणांनी जेवण छान होतं असं लिहिलं. एक कोरा होता.

मी जन्मभर धडा संपल्यावर चाचणी घेत आलो, तेव्हा तुमचीही घेतो. पुस्तक मिटा. नायाची बट ताणल्यावर किती इंच भरली? आलं ना चटकन. मला खात्री होती, तुम्ही हुशार आहात. आता दुसरा प्रश्न. तिला गाण्यात किती गुण मिळाले?

मागे पानं उलटू नका, तिथे नाहीत. पुढे येऊ म्हणालो होतो, पण वाटेत तुम्ही एकदाही आठवण केली नाहीत. अजूनही हवे असतील, तर रीतसर अर्ज करा. नमुना वर दिला आहे. शुद्धलेखन नीट पाहा, कारण तपासणार ती आहे.